आष्टीची गाडी

समजा, तुमच्यासमोर लॅपटॉप आहे आणि त्याच्या पडद्यावर बर्फाचं लांबरुंद अंगण. अंगणात सहा मुली. पायात सुरीसारख्या पात्याचे बूट घालून त्या सपसप सरकताहेत, मध्येच उडी घेऊन हवेत गिरक्या मारताहेत आणि एका पायावर उतरताहेत. आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे. सरावाला त्यांना सहा मिनिटं दिली आहेत. या सहा मिनिटांतच तुम्हाला सांगायचंय, की तासाभरानं यांच्यातल्या कोणत्या तिघी पदकांच्या पायऱ्यांवर उभ्या असतील. नुसतं तिघी नाही, तर सोनं कोणाचं, चांदी कोणाची आणि कांस्य कोणाचं. तुम्ही स्वतः कधी बर्फावर पाय ठेवलेला नाही. बर्फ पाहिलाय तो रसवंतीत, भुशात गुंडाळलेली लादी. आणि उत्तर चुकलं, तर ज्या माणसाला सोडून तुम्ही जाऊ शकत नाही, त्याला सोडून तुम्हाला जावं लागणार आहे.

सांगा, कोणाचं नाव लिहाल?

वर्ध्याच्या आर्वी नाक्यापलीकडच्या दोन खोल्यांत बसून काजलला मार्चमधल्या एका दुपारी हेच करायचं होतं. तिची ही हकिगत.

काजल सव्वीस वर्षांची. तंत्रनिकेतनातून संगणकाची पदविका घेतलेली, घराण्यातली पहिलीच. आई ती दहावीत असताना गेली. तेव्हापासून घरात दोघंच, ती आणि वडील वासुदेवराव. मूळ गाव आष्टी. वासुदेवराव नोकरीसाठी वर्ध्याला आले आणि कापूस खरेदीच्या यार्डात चौतीस वर्षं ग्रेडर म्हणून राहिले. ग्रेडर म्हणजे कापसाची गाडी आली की हात घालून मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन अंगठ्यांत धरून त्याचा धागा ओढायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते तिथंच सांगायचं. त्यांनी सांगितलेली धाग्याची लांबी पुढं यंत्रावर मोजली, तर केसाएवढाही फरक निघत नसे, असं यार्डातले जुने लोक अजूनही सांगतात.

अशा माणसाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांत नजर कडेकडेनं विझत आली. समोरचं दिसायचं, आजूबाजूचं नाही. दाराच्या फटीतून अंगण पाहावं तसं. सावंगीच्या दवाखान्यात औषधं सुरू होती. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. थेंब दिवसातून तीन वेळा, घड्याळ लावून. एक वेळही चुकवायची नाही.

तरी घरात ते आंधळ्यासारखे वावरत नसत. दारापासून नळापर्यंत एकोणीस पावलं, नळापासून शेजारच्या वच्छलाबाईंच्या ओट्यापर्यंत अकरा, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकशे चार. सगळं मोजलेलं. काजलनं एकदा त्यांना चार दिवस मावशीकडं नागपूरला नेलं, तर पहिल्याच सकाळी ते न्हाणीघर समजून जिन्यावर गेले आणि दोन पायऱ्या घसरले. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, की आता मला वर्ध्याच्या बाहेर नेऊ नको, तिथं मी खरंच आंधळा होतो.

काजलची नोकरी पुण्याच्या एका कंपनीच्या वर्धा शाखेत. शाखा म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, अकरा जण आणि त्यांच्यावर अंकित. काम असं, की स्केटिंगचे व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत पाहायचे आणि खुणा करायच्या. उडी कुठून सुरू झाली, पात्याच्या कोणत्या कडेवरून घेतली, गिरकी पुरी झाली की पाव राहिली. या खुणांवरून संगणक शिकायचा आणि पुढं स्वतःच गुण सांगायचा. दोन वर्षांत काजलनं हजारो उड्या तपासल्या. कोणत्या उडीत चूक आहे ते ती झोपेतही सांगू शकली असती. कोण जिंकेल, हे मात्र तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

ते दिवाळीनंतर विचारलं गेलं. अंकितनं सगळ्यांना खुर्च्या ओढून बसवलं आणि सांगितलं, की मार्चअखेर वर्ध्याची शाखा बंद. ज्यांना यायचं त्यांना पुण्यात जागा आहे. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला दोन माणसं अशी हवीत, जी संगणकाचे अंदाज स्वतःच्या नजरेनं तपासतील. ती घरी बसून काम करतील, गाव कोणतंही चालेल. निवड परीक्षेनं. हंगामातल्या पुढच्या सहा स्पर्धांत प्रत्येकानं महिलांच्या शेवटच्या फेरीचे तीन पदकविजेते ओळखायचे. बरोबर नाव बरोबर जागी आलं तर तीन गुण, नाव पदकांत आलं पण जागा चुकली तर एक. शेवटच्या गटाचा सराव संपला की तक्ता बंद.

घरी बसून, गाव कोणतंही. काजलनं हे शब्द घरी जाताना स्वतःशी चार वेळा म्हटले.

पहिल्या दोन स्पर्धांना तिनं आपल्या शिक्षणाला शोभेल असंच केलं. हंगामातले सगळे गुण मांडले, सरासऱ्या काढल्या, कोण किती वेळा पडली त्याचा तक्ता केला. पहिल्या स्पर्धेत एक गुण मिळाला, दुसऱ्यात दोन. अकरा जणांत तिचा नंबर दहावा होता.

तिसऱ्या स्पर्धेच्या शनिवारी ती घरीच काम करत होती. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वासुदेवराव खुर्ची दाराशी नेऊन बसले होते. जवळ बसलं की त्यांना एखादा पायच दिसे, लांब बसलं की एक पोरगी पुरी नजरेत मावे. त्यांनी विचारलं, ह्या पोरी बर्फावर कायले पडून राहिल्या? काजलनं परीक्षा असते म्हणून सांगितलं. मग ग्रेडर कोण, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नऊ परीक्षक असतात हे ऐकून ते हसले.

"एका गाडीले नऊ ग्रेडर? मंग भांडत नाई का थे?"

पण पाहत राहिले. गाणं बंद कर म्हणाले, गाण्यानं माल आहे त्यापेक्षा बरा वाटतो. आणि स्पर्धा नव्हे, आधीचा सराव दाखव म्हणाले. काजलला वाटलं, बसू द्यावं, तेवढाच म्हाताऱ्याचा वेळ जाईल. सहा मिनिटं संपली. मग म्हणाले, त्या लांब हाताच्या पोरीचं काही खरं नाही.

काजल म्हणाली, आदल्या फेरीत तीच तर पहिली आहे बाबा, तिच्या उड्या सगळ्यांत उंच आहेत.

"ढिगावरचा कापूस सगळ्याहीचाच पांढरा असते, माय. कोपरापर्यंत हात घातल्याबिगर बोलाव नाई."

मग त्यांनी आपल्या भाषेत समजावलं. उड्या म्हणजे ढिगाचा वरचा थर, तो सगळेच सजवतात. दोन उड्यांच्या मधे काय होतं ते पाहायचं. एका ढकलण्यात पोरगी किती लांब जाते? तोच तिचा धागा. आखूड धाग्याची चार वेळा पाय मारते, लांब धाग्याची एकदाच. दुसरं, ओल. ओला कापूस काट्यावर वजनदार भरतो आणि आठ दिवसांनी पिवळा पडतो. जी पोरगी सरावात दात-ओठ खाऊन प्रत्येक गोष्ट करते, तिच्यात ओल आहे, गर्दीपुढं ती पिवळी पडणार. आणि काडीकचरा तर दिसतोच.

लांब हाताची चौथी आली. त्या दिवशी काजलला सहा गुण मिळाले.

चौथ्या स्पर्धेपासून बापलेकीचा नेम ठरला. सरावाच्या आधी ती थेंब घालायची, पाच मिनिटं डोळे मिटून झाले की ते दाराशी बसायचे. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी यार्डातलीच रीत लावली. यार्डात गाडी गावाच्या नावानं ओळखतात. तशी एक जपानी मुलगी झाली हिंगणीवाली, उंच इटालियन झाली सेलूवाली, एक कोरियाची आंजीवाली. एक होती कुठल्याशा लहान थंड देशाची, बुटकी, गोल चेहऱ्याची. ती सरावात सपशेल आपटली, आपल्याशीच हसली आणि उठून दोन्ही हातांनी मागचा बर्फ फटफट झटकला. शेताच्या धुऱ्यावरून घसरलेली पोरगी लुगड्याची माती झटकते, अगदी तसा. वासुदेवराव गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, ही आष्टीवाली.

काजलनं तेही नाव वहीत लिहून घेतलं. चौथ्या स्पर्धेत आष्टीवाली सातवी आली, पाचवीत ती नव्हतीच. त्यामुळं तिच्याबद्दल वासुदेवराव कधी काही बोलले नाहीत, हे काजलच्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या स्पर्धेला नऊपैकी नऊ मिळाले. पाचवीला पाच. कचेरीत लोक तिच्याकडं वळून पाहू लागले. तक्त्यात कारण लिहायचा रकाना असे, त्यात ती वडिलांचं बोलणं शहाण्या भाषेत लिहायची, वेग, सरक, ताण. अंकित एकदा तिच्या टेबलाला टेकून म्हणाला, "काजल, घरी भविष्यवाला पोपट पाळला काय? आमच्यासाठी बी एक चिठ्ठी काढायले लाव ना त्याले." सगळे हसले, तीही हसली. वडिलांचं नाव तिनं घेतलं नाही. नियमात कुठं स्वतःच्याच डोळ्यांनी पाहा असं लिहिलेलं नव्हतं, असं तिनं मनाला सांगितलं.

पाच स्पर्धांनंतर रक्षा नावाची मुलगी इतकी पुढं होती, की एक जागा तिचीच. दुसऱ्या जागेसाठी दोघं उरले. प्रेम नावाच्या मुलाचे पंचवीस आणि काजलचे तेवीस.

शेवटच्या स्पर्धेआधी सावंगीची तारीख होती. तिथं नजरेचा परीघ तपासतात. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाटीत हनुवटी टेकवून बसायचं, वाटीत कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काजल पडद्याबाहेर बसून टकटक ऐकत होती. बटण भराभर वाजत होतं, तिला बरं वाटलं. पण कागद हातात घेतल्यावर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. आजोबा ठिपका नसतानाही बटण दाबतात, त्यामुळं या कागदावर विश्वास ठेवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. दिसलं तरच दाबायचं आजोबा.

ऑटोत काजलनं विचारलं, तर ते जराही लाजले नाहीत. ठिपका आता कुठं येईल त्याचा अंदाज येतोच की, इकडं आला की पुढचा तिकडं. चौतीस वर्षं दुसरं केलं काय मी? काजल हसली. त्या वेळी तिला ती गंमतच वाटली.

आणि मग तो शुक्रवार आला. स्पर्धा जपानच्या एका शहरात होती, म्हणजे आपल्याकडं भर दुपार. काजलनं रजा टाकली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, वच्छलाबाईंच्या ओट्यावर कुरड्या वाळत होत्या. थेंब झाले, खुर्ची दाराशी गेली. आदल्या फेरीत भलतंच घडलं होतं. आष्टीवाली जन्मात खेळली नसेल असं खेळून दुसरी आली होती. संगणक तिला सोनं देत होता. पहिली होती हिंगणीवाली.

सराव सुरू झाला. सहा मिनिटांचं घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात उलटं पळू लागलं. वासुदेवराव एकेका मुलीमागं हळूहळू मान फिरवत होते. तीन मिनिटं झाली तेव्हा म्हणाले, "पहिली हिंगणीवाली. तिसरी सेलूवाली."

काजलनं दोन्ही नावं भरली. मधली जागा कोरी होती. "आणि दुसरी?"

त्यांनी खुर्ची जरा मागं सरकवली.

"बाबा, आष्टीवालीचं काय?"

"तिचं तू पाह्य."

"मले नाई समजत तेवढं. तुम्ही सांगा."

"आपल्या गावची गाडी आपण पाहत नाई, काजल. तुले माहीत आहे."

माहीत होतं तिला. शाळा सुटली की ती डबा घेऊन यार्डात जायची, तेव्हा किती वेळा पाहिलं होतं. आष्टीची गाडी रांगेत आली की वासुदेवराव दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि सरळ पाण्याच्या रांजणाकडं चालू लागायचे. दुसरे ग्रेडर डोमाजी येऊन ती गाडी पाहून जाईपर्यंत ते पाणी पीत उभे राहायचे. तहान असो नसो. गाववाले रागवायचे, आपला माणूस असून आपल्यालाच पाठ दाखवतो म्हणायचे. एकदा सख्खा भाऊ गाडी घेऊन आला, तेव्हाही ते रांजणापाशीच. ग्रेडरचा हात आपल्या माणसाच्या मालात गेला की डोळा खोटं पाहतो, एवढंच त्यांनी पोरीला सांगितलं होतं. जेवणाआधी हात धुवावेत अशा सहजपणानं.

आणि पडद्यावरच्या ह्या पोरीला त्यांनी आपण होऊन आष्टीचं नाव दिलं होतं. ते नाव काजलच्या वहीत दोन महिने होतं.

घड्याळात दोन मिनिटं उरली. इथं शांतपणे विचार केला असता तर मधल्या जागी कोणाचंही नाव टाकून ती मोकळी झाली असती. पण सोनं कोणाचं, हाच आता सगळा प्रश्न तिला वाटू लागला. आष्टीवाली जिंकली आणि आपण तिला धरलंच नाही तर? प्रेमनं तिला नक्की धरलं असणार. तिच्या तोंडातून जे निघालं ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं.

"थे आपल्या गावची नाई, बाबा. तिचं गाव नकाशात बी दाखवता येनार नाई तुम्हाले. इथं मले पुण्याले जा लागन. मंग ह्या खोल्यात एकटे काय पाहान तुम्ही? दिसते काय तुम्हाले?"

दिसत नाही, हे त्या घरात आजवर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. वासुदेवरावांचा हात गळ्यातल्या दुपट्ट्याकडं गेला आणि तिथंच राहिला. मान पडद्याकडं होती. आष्टीवाली त्या वेळी पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, कठड्यापाशी होती. जवळजवळ अर्धं मिनिट गेलं.

"एक नंबर लाव तिले," ते म्हणाले.

"पक्कं?"

"लाव म्हनलं ना."

काजलनं हिंगणीवालीला खाली दुसऱ्या जागी ओढलं आणि वर आष्टीवालीला बसवलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवता ठेवता तिला दिसलं, की कोपऱ्यात आष्टीवाली खाली वाकून उजव्या बुटाची नाडी बांधते आहे. काही वेळापूर्वीही तिनं तीच नाडी बांधली होती. उडी उतरते ती उजव्या पायावर. दोन वर्षं काजलनं हेच तर पाहिलं होतं, पाय, पातं, उतरणं. तिला थांबायला हवं होतं. पण चौतीस वर्षांत न मोडलेली रीत बाबांनी तिच्यासाठी मोडली होती, त्या शब्दावर आता तिचा कसला शब्द. तिनं बटण दाबलं.

स्पर्धा सुरू झाली, आष्टीवाली चौथ्या पाळीला बर्फावर उतरली. आवाज नेहमीप्रमाणं बंद होता. तिनं पहिली उडी कशीबशी सावरली. दुसरीसाठी ती मागं मागं सरकत वेग घेऊ लागली, तेव्हा वासुदेवरावांनी तोंड दाराकडं फिरवलं. बाहेर कुरड्यांवर कावळा बसला होता का, की ऊन पाहत होते, कोण जाणे. उजवा पाय बर्फाला टेकला आणि दुमडला. ती आडवी सरकत कठड्यापर्यंत गेली.

"उठली का?" त्यांनी दाराकडं पाहतच विचारलं.

"उठली."

"बर्फ झटकला का?"

काजलनं पडद्याकडं पाहिलं. ती मुलगी उठून पुन्हा सरकू लागली होती, बर्फ तसाच कपड्यांना चिकटलेला.

"नाई," ती म्हणाली.

हिंगणीवालीला सोनं, आंजीवालीला चांदी, सेलूवालीला कांस्य. आष्टीवाली सहावी. काजलला चार गुण मिळाले, प्रेमला तीन. सत्तावीस आणि अठ्ठावीस. वासुदेवरावांनी पहिल्यांदा सांगितलेली दोन नावं तिनं तशीच ठेवली असती आणि मधल्या जागी काहीही खरडलं असतं, तरी सहा मिळाले असते. एकोणतीस. हा हिशेब तिनं त्या दिवशी इतक्या वेळा केला, की शेवटी आकडे नुसतेच तोंडात फिरू लागले.

वासुदेवराव संध्याकाळी पाट ओढून जेवायला बसले तेव्हा म्हणाले, मीच सांगितलं, माझ्यावर टाक. काजलनं पोळी वाढली. खरं तर तिला वाटत होतं, त्यांनी रागवावं. रीत मोडायला लावलीस म्हणून, आणि ते दुसरं बोललीस म्हणूनही. ते रागावले नाहीत. पोळीचा तुकडा वाटीच्या बाहेर दोनदा टेकवून मग त्यांना भाजी सापडली.

सोमवारी अंकितनं पुण्याचं पत्र दिलं. एक एप्रिलला हजर. दुसरी नोकरी शोधण्याची धडपड तिनं केली. झेरॉक्सच्या दुकानापासून महाविद्यालयाच्या कचेरीपर्यंत सगळीकडं अर्ज टाकून आली, कुठूनही फोन आला नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, पोरी, दोन वेळचं ताट मी देईन, त्याची काळजी नको. पण थेंब मला जमणार नाहीत, माझाच हात थरथरते, भलत्या डोळ्यात भलतं पडलं तर? मग काजलनं औषधाच्या बाटल्यांना दोरे बांधले. सकाळच्याला एक गाठ, दुपारच्याला दोन, संध्याकाळच्याला तीन. वासुदेवरावांनी गाठी अंगठ्याखाली फिरवून पाहिल्या आणि धागा चांगला आहे म्हणाले. आरशाशिवाय, मान मागं टाकून, स्वतःच थेंब घालायचा सराव सुरू झाला. चारातले दोन थेंब गालावर यायचे. गालावरचा थेंब पुसून ते पुन्हा बाटली उचलायचे. काजल हात पुढं करायची आणि मागं घ्यायची.

जायच्या आदल्या आठवड्यात सावंगीला मागची तपासणी पुन्हा करायची होती. तीच अंधारी खोली, तीच पांढरी वाटी. काजल पडद्याबाहेरच्या बाकावर बसली. मागच्या वेळेसारखी टकटक येईल म्हणून तिनं कान लावले.

टक. मग बराच वेळ काहीच नाही. टक. पुन्हा शांतता. आतली मुलगी दोनदा म्हणाली, आजोबा, दिसलं की दाबा हं. वासुदेवराव म्हणाले, हाव, दिसलं का दाबतो.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी कागदाची तारीफ केली. आजोबांनी एकदाही खोटं बटण दाबलं नाही, आता खरी नजर कळली. मग त्यांनी कागद काजलपुढं धरला. सगळा काळा होता. मधोमध तुरीच्या दाण्याएवढी जागा पांढरी उरली होती, आणि तीही जरा उजवीकडं, वरच्या अंगाला. खाली डावीकडं तर काहीच नव्हतं. हे केव्हापासून असावं, असं काजलनं विचारलं. मागचा कागद भरवशाचा नसल्यामुळं ते सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

परतीच्या ऑटोत वासुदेवराव काठी गुडघ्यांत धरून बसले होते. यार्डाच्या बाजूचं वळण आलं तेव्हा त्यांनी न पाहताच मान तिकडं वळवली. काजल त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होती. चार दिवसांनी ती पुण्याला निघणार होती, आणि एकच गोष्ट तिला विचारायची होती. ती विचारली तर दोन उत्तरं शक्य होती, आणि दोन्हींतलं कोणतं ऐकायची आपली तयारी आहे ते तिला ठरवता येत नव्हतं. ऑटो नाक्यावर आला, त्यांनी उतरून काठी टेकली आणि पावलं मोजायला सुरुवात केली. ती मागून चालत राहिली.

त्या दुपारी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात आष्टीवालीनं वाकून दोनदा नाडी बांधली, ती बाबांना दिसली होती का?